अंजनाच्या गोळ्या आणि सुभेदारांचं तोंड

अंजनानं ट्रंकेतल्या लुगड्यांखालून औषधाचं खोकं काढलं तर ते हाताला हलकं लागलं. उघडून पाहिलं तर दोन-चारच गोळ्या उरलेल्या. सोबतची प्लॅस्टिकची नळी तर गायबच.

गोळ्या साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिल्या होत्या. टायफॉइडच्या कॅप्सुला खाऊन अंजना तापातून उठली खरी, पण पाठोपाठ दुसरंच दुखणं मागं लागलं. खालच्या अंगाला अशी खाज की उसात तण भांगलायला बसवेना, लघवीला गेलं की आग, आणि अंगावरून दह्याच्या चोथ्यासारखं जायचं. सोसून सोसून शेवटी तिनं सातारा गाठला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सरळ सांगितलं, "बुरशी झालीय. लाजण्यासारखं काही नाही, कितीतरी बायकांना होते. ही गोळी खायची नाही. झोपताना आडवं होऊन आत सरकवायची, जाईल तेवढी खोल. नळीनं नाही जमलं तर हात धुऊन बोटानं. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाही."

नळीचं तंत्र काही अंजनाला जमलं नाही, ती कागदातच राहिली. बोटानं मात्र नीट जमलं. सासूनं, मनुबाईनं, विचारलं, "कशाच्या गं गोळ्या?" तर अंजना म्हणाली, "अशक्तपनाच्या." तिथंच घोटाळा झाला.

कारण गोळ्यांनी गुण दिला. खाज थांबली, अंजनाला झोप लागायला लागली, ती पहिल्यासारखी तरातरा कामं उरकू लागली. मनुबाई हे बघत होती. आणि तिकडं तिचे मालक, पेन्शनीत आलेले सुभेदार हंबीरराव, दिवसेंदिवस वाळत चालले होते. सांगलीहून नवी कवळी बसवून आणल्यापासून त्यांच्या तोंडाची आग होत होती. जिभेवर पांढरा थर, भाकरीचा तुकडा टाळूला लागला की डोळ्यांत पाणी. गडी दूधभातावर आला होता.

अंजना खोकं घेऊन सोप्यात आली तर हंबीरराव मान मागं टाकून आ वासून बसलेले, आणि मनुबाई तीच नळी त्यांच्या तोंडात घालून अंगठ्यानं दांडी दाबत होती.

"अजून आ करा की! बैलाला औषध पाजताना नळकांडं कसं आत घालत्यात, तसं."

"आत्याबाई!" अंजना ओरडली. "ह्ये काय करताय?"

"ताकदीची गोळी देतीय. तुला गुण आला, मग ह्यांनी काय पाप केलंय? लय थोराड हाय गं, गिळंना. म्हनून चघळत्यात."

"कडू जहर हाय," हंबीरराव गालात गोळी धरून म्हणाले. "म्हंजे औषध अस्सल हाय."

"पर मामंजी, ती बायकांची गोळी हाय!"

"ताकदीत बायका न् गडी असं कुठं अस्तंय?"

अंजना आत गेली आणि एस.टी.त कंडक्टर असलेला नवरा, सोपान, ड्युटीवरून येण्याची वाट बघत बसली. तो येताच तिनं त्याला सगळं सांगितलं. सोपान आधी हसला, मग त्याचं तोंड उतरलं.

"तुमीच सांगा जावा," अंजना म्हणाली. "बापलेकात काय लाज?"

सोपान सोप्यात गेला आणि लगेच परतला.

"सांगितलं?"

"सांगितलं की."

"काय सांगितलं?"

"म्हनलं, आबा, गोळ्या जरा जपून खावा."

अंजनानं उरलेल्या गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या. मनुबाईनं त्या पीठ चाळताना शोधून काढल्या.

पण झालं भलतंच. हंबीररावांच्या जिभेवरचा पांढरा थर गेला. आग थांबली. एका दुपारी त्यांनी स्वतःहून ज्वारीची भाकरी आणि खर्डा मागितला आणि मिटक्या मारत खाल्ला. मनुबाईनं त्यांच्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. इकडं गोळ्या अर्ध्यात तुटल्यामुळं अंजनाची खाज पुन्हा सुरू झाली होती. ती चुलीपुढं बसल्या जागी चुळबुळत होती.

"सूनबाई," हंबीरराव म्हणाले, "तुझ्या गोळ्या म्या संपवल्या. आता म्याच आनून देनार. रिकामं खोकं घे आन् चल."

"नगं मामंजी, ह्यांस्नी सांगते की."

"त्यो इसरतोय. चल म्हनतो न्हवं?"

कोरेगावच्या पेठेत नानासोचं औषधाचं दुकान. बाजारचा दिवस, गर्दी ही एवढी. हंबीररावांनी खोकं काउंटरवर आपटलं. "नानासो, ह्या गोळ्या दे. दोन खोकी."

नानासोनं नाव वाचलं, चष्मा वर केला. "कुनासाठी, सुभेदार?"

"एक सुनंला, एक मला."

"तुमाला?"

"व्हय. लय गुनाची गोळी हाय."

नानासोनं अंजनाकडं पाहिलं. तिनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता. तो पुढं वाकून हळूच म्हणाला, "सुभेदार, ही गोळी खालची हाय."

"मग खालच्या फळीवरनं काढ की! वर कशाला बघतोस?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. नानासोला घाम फुटला. "डॉक्टरची चिठ्ठी लागंल," एवढंच तो कसंबसं बोलला.

"चिठ्ठी तर चिठ्ठी," असं म्हणून हंबीररावांनी तिथूनच साताऱ्याची एस.टी. धरली. बरोबर अंजना. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाकावर सगळ्या पोटुशा बाया. त्यांच्या मधोमध फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन सुभेदार ताठ बसले. एक बाई हळूच उठून लांब उभी राहिली.

आत गेल्यावर मात्र अंजनानं ठरवलं, आता बास. मामंजींकडं पाठ करून, भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत तिनं डॉक्टरीणबाईंना सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं, मग बॅटरी घेऊन हंबीररावांचं तोंड तपासलं.

"सुभेदार, तुम्ही चघळलीत ती गोळी बाईनं अंगात आतून ठेवायची असते."

अंजनाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पण तुमच्या तोंडात कवळीखाली बुरशी झाली होती," डॉक्टरीणबाई पुढं म्हणाल्या, "आणि सूनबाईंना झालीय तीही तसलीच. म्हणून गुण आला. मी तुम्हाला तोंडात टाकायचे थेंब देते. आणि सूनबाईंच्या गोळ्या सूनबाईंनाच राहू द्या."

हंबीररावांनी फेटा सारखा केला. मग सुनेकडं वळून म्हणाले, "येवढंच हुतं व्हय? मग लपवायचं कशाला, पोरी? बर्मात पावसानं आमची निम्मी पलटन जांघा खाजवत हुती. साहेब सगळ्यांस्नी लायनीत हुबं करून मलम द्यायचा. बुरशी ती बुरशी. उसावर येती, मानसावर येती. दुखन्याला कसली आलीय लाज?"

अंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. खाजेचं की कशाचं, तिचं तिलाच कळलं नाही.

"बरोबर बोललात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरं, रात्री झोपताना कवळी काढून पाण्यात ठेवता ना? तोंडात ठेवून झोपलं की अशी बुरशी होते."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. छताकडं पाहिलं. "ठेवतो की," ते म्हणाले. आवाज जरा बारीक निघाला.

औषधं घेऊन दोघं स्टँडवर आली. कोरेगावची गाडी लागायची होती. हंबीरराव दोनदा खाकरले, एकदा चालत जाऊन बोर्ड वाचून आले, आणि अखेर सुनेशेजारी उभं राहून दुसरीकडंच बघत म्हणाले,

"सूनबाई, एक सांगतो. कुनाला बोलू नगंस."

"काय मामंजी?"

"कवळी म्या काढत न्हाई. रातचीबी तोंडातच अस्ती."

"का वं?"

"तुझ्या सासूनं माझं बोळकं अजून बघितल्यालं न्हाई."

अंजनानं हसू पदरात दाबलं. बर्मा बघून आलेला हा माणूस मान खाली घालून बुटाच्या टोकानं फरशी टोकरत होता.

"त्यात काय मामंजी," ती म्हणाली. "आधी दिवा मालवायचा, मग कवळी काढायची. आन् पहाटं आत्याबाईंच्या आधी उठायचं."

हंबीररावांनी थोडा विचार केला. गाडी लागली, माणसं दाराशी रेटारेटी करू लागली, तरी ते जागचे हलले नाहीत.

"ह्ये जमंल," ते म्हणाले, आणि सुनेला जागा धरायला गर्दीत घुसले.