मिल रोडवरचा बंगाली

इंग्रजी खुनी सिनेमे बघायला छाती लागते, असं रतनराव ओव्हाळांचं ठाम मत होतं. ती छाती अख्ख्या विश्रांतवाडीत एकाच माणसाकडे होती, आणि तो माणूस कोण, हे कुणी विचारायच्या आत ते सांगून टाकत!

पुरावा म्हणून त्र्याऐंशी सालचा 'सेव्हन, मिल रोड' तयारच असे. लग्नाला पंधरा दिवस झालेले. रविवारी दुपारचा खेळ, कॅम्पातलं थिएटर, शेजारी नवी कोरी बायको.

"काय पिक्चर होता, सांगतो! बाई घरात एकटी. बाहेर ओसरीवर कोण? तर बंगाली! एक शब्द बोलत नाही. नुसता हलतोय! पुढं-मागं, पुढं-मागं! आपल्या मागच्या रांगेतला एक जण तर उठून घरी गेला!"

"आणि काकू?" ऐकणारा विचारायचा.

"ही? हिनं डोळे गच्च मिटलेले. सगळी ष्टोरी मी हिच्या कानात सांगितली. म्हणून तर बाईमाणूस घाबरून तापाबिपानं पडलं नाही!"

जयाबाई तेव्हा मेथी निवडत असल्या तर मेथी निवडत राहायच्या आणि "हं" म्हणायच्या. त्या एका "हं"मध्ये बरंच काही होतं. पण पंचवीस वर्षं रतनराव बोलण्याच्या भरात असल्यामुळे त्यांनी ते कधी नीट ऐकलं नाही.

आणि मग दोन हजार आठ साली आम्रपाली आली.

आम्रपाली म्हणजे रतनरावांच्या मुलाच्या, चेतनच्या ऑफिसातली मुलगी. खराडीच्या कंपनीत दोघं एकाच टीमवर. ती वाघोलीची. ती "फक्त मैत्रीण" आहे असं चेतननं घरात तीनदा सांगितलं, त्यामुळे काय ते घरात सगळ्यांना कळलंच होतं. मुलगी हुशार. जुने सिनेमे पुन्हा बघायची आणि त्यांच्या जमेच्या नि उण्या बाजू ब्लॉगवर लिहायची. चेतन एकदा जेवताना तिला बोलून गेला, की आमच्या पप्पांना 'सेव्हन, मिल रोड' तोंडपाठ आहे. झालं! रविवारी तीन वाजता डीव्हीडी घेऊन ती घरीच यायची ठरली.

रतनरावांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मुद्दे काढले. 'जमेची बाजू: १) बंगाली. २) बंगाल्याचं हलणं. उणी बाजू: मुडदे फक्त सहा.' कागद दोनदा वाचला. होणारी सून पहिल्यांदा घरात पाऊल टाकणार होती. तिच्यासमोर आपला शब्द खोटा पडता कामा नये, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती फार मोठी होती.

"जय भीम काका, जय भीम काकू," म्हणत आम्रपाली आली, पोहे खाल्ले, वही उघडली. सिनेमा सुरू झाला.

पहिल्या दहा मिनिटांत पहिला मुडदा पडला. रतनराव त्या वेळी कॅलेंडरवरचे मुद्दे तपासत होते. दुसरा पडला तेव्हा त्यांच्या चष्म्याची काच अचानक फार मळली.

"काका, बंगाली कधी येतो?" आम्रपालीनं विचारलं.

"येईल. तो घाई करत नाही. तीच तर त्याची खुबी!"

तिसरा गेला. चौथी गेली. पाचवा तर आंघोळ करता करता गेला. बंगाल्याचा पत्ता नाही!

"पप्पा, आता माणसंच संपत आली," चेतन म्हणाला. "बंगाली आला तरी मारणार कुणाला?"

"सेन्सॉरनं कापला असेल."

"पप्पा, ही परदेशी कॉपी आहे. हिच्यात काहीच कापलेलं नाही."

"मग आपल्याकडे पाठवताना घातला असेल. खास भारतासाठी!"

"इंग्रजी सिनेमात? भारतासाठी? बंगाली?"

आम्रपालीनं पेन ओठांवर धरून हसू दाबलं. रतनरावांना घाम फुटला. त्यांनी डीव्हीडीची डबी उलटीसुलटी केली, तिच्यावरचा लायब्ररीचा नंबर बघितला आणि थेट फोनच लावला.

"हॅलो, तुमच्या डीव्हीडीत बंगाली नाही!"

पलीकडून शांत आवाज आला, "आमच्याकडे सिनेमे मिळतात. बंगाली मिठाई समोरच्या दुकानात. तेही रविवारी दुपारी बंद असतं."

फोन बंद! आणि चेतननं हौसेनं फोनचा स्पीकर लावून ठेवलेला असल्यामुळे हे सगळ्यांनी ऐकलं.

रतनराव खुर्चीत बसले. चेहरा असा झाला होता, की आम्रपालीलाच वाईट वाटलं. ती म्हणाली, "काका, एखादा सीन हातून सुटला असेल. मागे घेऊन बघू." सिनेमा मागे गेला, पुन्हा सुरू झाला. एवढ्यात आवाज आला. कुर्रर... कुर्रर...

"थांबव! थांबव!" रतनराव ताडकन उठले. "हाच आवाज! ह्याच आवाजाला बंगाली येतो!"

चित्र थांबलं. टीव्हीवर एक गंजकं फाटक वाऱ्यानं हलत होतं, ते तसंच अर्धवट उघडं राहिलं. सगळे फाटकाकडे बघत राहिले. फाटकाच्या मागे झाड होतं. झाडामागे कुणी नव्हतं.

"काका," आम्रपाली हळूच म्हणाली, "तुम्हाला आवाज सगळे पाठ आहेत." पुढचं तिनं बोलायचं टाळलं. मुलगी खरंच चांगली होती!

पण जयाबाईंना आता राहवेना. पदर तोंडाशी धरून त्या गदगदा हसत होत्या. "अवो, बंगाली नाही! बंगई! मी बंगई म्हटलं होतं! 'बंगई हलून राहिली' म्हटलं तुमाले!"

जयाबाई वर्ध्याच्या. तिकडे झोपाळ्याला बंगई म्हणतात. पुण्यात राहून त्यांची भाषा पुण्याची झाली होती, पण हसू अनावर झालं की वर्धा बाहेर यायचं.

चेतननं आईकडे बघितलं, मग बापाकडे.

"म्हणजे आई... कानात ष्टोरी तू सांगत होतीस?"

जयाबाईंनी जीभ चावली. "छे, मी आपली एखादा शब्द मधे मधे..."

"असू दे जया," रतनराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. कॅलेंडरच्या कागदाची त्यांनी घडी घातली, तिची आणखी घडी घातली. "डोळे मी मिटले होते. पहिली सुरी निघाली तिथंच. पंधरा दिवसांची बायको शेजारी, म्हटलं, हिला वाटेल नवरा भित्रा मिळाला. म्हणून बाहेर आल्या आल्या मीच आधी सांगून टाकलं, की तू घाबरलीस. तू काही बोलली नाहीस, मग ते तसंच चालत राहिलं."

त्यांना आम्रपालीकडे बघवेना. पंचवीस वर्षांची छाती पोह्यांच्या रिकाम्या बशीसमोर खाली गेली होती.

"आता ऐका," जयाबाई म्हणाल्या. हसू थांबलं होतं. "डोळे मी पण मिटले होते."

"काय?"

"इंग्रजी कळत नव्हतं, सुरी बघवत नव्हती. आवाज ऐकत होते आणि मनानंच सांगत होते."

"अगं, मग ती बंगई कुठून आली? इथं तर नुसतं फाटक आहे!"

"आमच्या घरची," जयाबाई म्हणाल्या. "वर्ध्याची. शाळेत शिकवून आले की आमचे बाबा बंगईवर बसायचे. एक शब्द बोलायचे नाहीत, नुसते हलायचे. अशीच कुरकुर. ती ऐकली आणि घराची इतकी आठवण आली, की तुमच्या कानात बोलत राहिले. बोललं की रडू येत नव्हतं. आणि तुम्ही माझा हात असा धरला होता... मला वाटलं, मला धीर द्यायलाच धरलाय."

रतनरावांनी कागदाची घडी खाली ठेवली. तिच्या त्या पंधराव्या दिवसाचं दुःख त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे पंचवीस वर्षं मी गावभर ज्याला बंगाली बंगाली म्हणत फिरलो... ते सासरेबुवा होते?"

चेतन सोफ्यावरून खाली घसरला. आम्रपालीनं वही मिटून टाकली आणि ती पोट धरून हसायला लागली. शेवटी जयाबाई हसल्या आणि रतनरावही हसले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते सगळं हसण्याचंच होतं असं काही नाही.

"काका, मी दोन्ही सिनेमांवर लिहिणार," आम्रपाली म्हणाली. "तुमचा जास्त चांगला आहे. ह्याची उणी बाजू एकच, ह्यात बंगाली नाही. पण शेवट अजून बाकी आहे हं. बघायचा?"

"बघायचा म्हणजे? आज उघड्या डोळ्यांनी बघणार!" रतनरावांनी छाती पुन्हा वर काढली. जयाबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. चेतन चहा टाकायला आत गेला.

सिनेमा सुरू झाला. पार्श्वसंगीतानं सूर चढवला. कुठेतरी सुरी निघाल्याचा आवाज आला, आणि रतनरावांचा हात चाचपडत बायकोच्या हातापर्यंत पोचला. किंचाळ्या झाल्या. धावपळ झाली. मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत अगदी कानाजवळ आवाज आला. कुर्रर...

"अजी," जयाबाई कुजबुजल्या, "आला बघा बंगाली."

"दिसला!" रतनराव म्हणाले.

दोघांचेही डोळे गच्च मिटलेले होते. आम्रपालीनं टीव्ही केव्हाच बंद केला होता, आणि कुरकुरलं होतं ते स्वयंपाकघराचं दार.

"पप्पा, चहा," बंगाली म्हणाला.