मोहरील सरांचं किरकोळ पान

रायपुरात कोणी मृत्युपत्र करायला गेलं की वकील आधी घराचे कागद मागतात. आमचे मोहरील सर विचारतात, "पुरणयंत्र कोणाले देणार?"

माणूस गोंधळतो. प्लॉट, बँकेतल्या ठेवी, धाकट्या सुनेचा स्वभाव, हे सगळं तो पाठ करून आलेला असतो. पुरणयंत्राची तयारी नसते. सर शांतपणे पेनाला टोपण लावतात. "घरी विचारून या. आम्ही कुठं जाऊन नाही राहिलो."

बुढापारा भागात, तलावामागच्या गल्लीत सरांचं ऑफिस आहे. मी तिथे चार वर्षांपासून ज्युनिअर आहे. मी डोंगरगडची. वडील रेल्वेत गँगमन होते आणि घरातली पहिली पदवी माझी. सर मला नावाने हाक मारत नाहीत. "ग्रॅज्युएट, लिहा," म्हणतात. सुरुवातीला मला ती थट्टा वाटली. मग पाहिलं, पक्षकाराशी ओळख करून देताना ते खुर्चीतून अर्धे उठतात. "ह्या आमच्या ग्रॅज्युएट. यांच्या घरातल्या पहिल्या." वडिलांखेरीज कोणी हे इतक्या अभिमानाने म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

सरांच्या प्रत्येक मृत्युपत्राला शेवटी एक जास्तीचं पान असतं. घर, शेत, सोनं आधीच्या पानांवर. या पानावर अडकित्ता, शिलाई मशीन, पाटा-वरवंटा, बाबांचं मनगटी घड्याळ. ऑफिसात त्याला आम्ही 'किरकोळ पान' म्हणतो. उरलेल्या मृत्युपत्राच्या तिप्पट वेळ सरांना त्याला लागतो. "घराचं भांडण कोर्टात संपते," ते म्हणतात, "भांड्याचं संपत नाही."

साक्षीदारांच्या बाबतीतही तसंच. लोक आपले जुने मित्र घेऊन येतात. सर त्या दोघा म्हाताऱ्यांना चहा पाजतात आणि प्रेमाने परत पाठवतात. "काका, तुम्ही यांच्या आधी गेले तं सही ओळखाले कोण येईल? तरणे पाठवा."

पंडरी बाजारातल्या एका कापडवाल्या सेठजींचं मला आठवतं. तीन दुकानं, दोन मुलं, सगळी वाटणी टाइप करून आणलेली. सरांनी ती वाचली आणि विचारलं, "सेठजी, लोहे का गज किसको देंगे?" पहिल्या दुकानात वडिलांनी कापड मोजलेला तो गज. सेठजी हसले. मग हसायचे थांबले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "छोटे को. वही मेरे बाजू में खड़ा रहता था." आणि त्यांनी टाइप केलेली वाटणी स्वतःहून परत मागून घेतली. कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात हा प्रश्न मी वाचलेला नव्हता.

एकदा मी सरांना म्हटलं, आमच्या घरी वाटण्यासारखं काही नाही. "आजीचा खलबत्ता?" सरांनी विचारलं. तो आत्याने नेला होता. आई आजही आत्याकडे जेवत नाही, हे मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं.

तर अशा या सरांना एकदा एका पक्षकारानेच उलट प्रश्न केला.

प्रमिलाताई आल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, एक मुलगा रायपुरात, एक बिलासपूरला, दोघांचं बोलणं बंद. घराचं दहा मिनिटांत ठरलं. मग सरांनी महालक्ष्म्यांचं विचारलं. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात, त्यांचे पितळी मुखवटे.

"एक मोठ्याले, एक लहान्याले," ताई म्हणाल्या. "बरोबर वाटा."

सरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, बहिणी आहेत त्या. एकटी बसते का कधी? दोन्ही घरचा सण जाईल."

"मंग काय करू? दोन्ही एकाले देल्या तं दुसरा माझ्या तेराव्यालेही येणार नाही. तुमच्याकडं काय केलं होतं?"

सर म्हणाले, "बरोबर वाटा केला. आईचं मृत्युपत्र मीच लिहिलं. नवा वकील होतो. 'सर्व वस्तू दोघा मुलांत समसमान.' मोठी दादाकडं गेली, लहान माझ्याकडं."

"आता कुठं आहे?"

"कपाटात. एकवीस वर्षं झाले."

ताईंनी पिशवी उचलली. "अन् मले शिकवून राहिले? आधी तुमचं निस्तरा, वकीलसाहेब. मंग मी सही करतो."

त्या गेल्यावर सरांनी समोरच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहिलं आणि घडी करून खिशात घातलं. दादा वारले त्याला तीन वर्षं झाली. तेराव्याला सर गेले होते आणि न जेवता, नुसतं पाणी पिऊन परत आले होते, एवढं मला ठाऊक होतं. शंकर नगरात वहिनी एकट्या राहतात. इकडे सर एकटे.

"ग्रॅज्युएट," ते म्हणाले, "गाडी काढा."

माझ्या स्कूटीवर सर मागे बसले. मांडीवर आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला मुखवटा. प्रत्येक स्पीडब्रेकरला म्हणायचे, "सावकाश. आपण तिघं आहोत."

वहिनींनी दार उघडलं. सरांकडे नाही, गाठोड्याकडे पाहिलं.

"अशा उन्हात आणलं का तिले?" म्हणाल्या आणि गाठोडं हातात घेऊन आत गेल्या.

थोड्या वेळाने त्यांनी दिवाणावर दोघींना शेजारी शेजारी ठेवलं. मोठी चिंचेने घासून लख्ख होती. सरांकडची काळवंडली होती. सर तिच्याकडे बघेनात. त्यांनी घाईने खिशातून कागद काढला. "वहिनी, हक्क सोडल्याचा लेख केला आहे. दोघी आता तुमच्याकडेच. एकदा वाचून घ्या."

"ठेवा तिकडं. मले चष्मा सापडून नाही राहिला."

चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता. सरांनाही तो दिसला. त्यांनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा घडी केली. इतकी वर्षं लोकांना दोन-दोनदा वाचायला लावणारा माणूस न वाचलेला कागद खिशात घालताना मी पहिल्यांदा पाहिला.

वहिनींनी पदराच्या टोकाने धाकटीचं नाक पुसलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला. मग आतूनच त्यांनी विचारलं, "भाऊजी, साखर किती?"

"पहिले टाकत होत्या तेवढीच, वहिनी."

सरांना मधुमेह आहे. दुपारच्या गोळीची आठवण मीच करते.

आतून बरणीत चमचा गेल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, आणि जरा थांबून तिसऱ्यांदा.