काळ्या टेकडीवरचा पांढरा तित्तिर

जी आग विझवायला आपण गेलो नाही, तिच्या राखेवर काहीतरी सुंदर निर्माण करणे हे आपले नैतिक कर्तव्य ठरते. आग विझवायला ओल्या डहाळ्या घेऊन धावणारी माणसे लागतात. सौंदर्यनिर्मितीला समिती पुरते.

सांगलीच्या विश्रामबागेतील निवृत्त संस्कृत शिक्षक भूपाल उपाध्ये यांच्या वाट्याला हे कर्तव्य रहिमतपूरजवळच्या एका टेकडीमुळे आले. जुने गवत जाळले की नवे जोमाने येते, या पिढीजात समजुतीने माघात कोणीतरी तिथे काडी लावली. (काडी लावणारा आजवर एकाही वणव्यात सापडलेला नाही, त्यावरून गवत स्वतःच पेटून घेते, असा निष्कर्ष निघतो.) गुरुजी साताऱ्याचा सत्कार आटोपून सांगलीला परतत होते. ज्वाला त्यांनी मोटारीतून पाहिल्या. धूर आत येऊ नये म्हणून काच वर केली आणि संपूर्ण शांतिपाठ म्हटला. उच्चार निर्दोष होते.

तरीही मन खाऊ लागले. म्हणून दग्धभूमी कलासंवर्धन समिती स्थापन झाली आणि अध्यक्षपद गुरुजींनी नम्रपणे, म्हणजे लगेच, स्वीकारले. ठरले असे : काळ्या उतारावर चुन्याने रंगवलेल्या दगडांचा, अंड्यांवर बसलेला, एकशेवीस फुटी तित्तिर, आणि त्याच्या पायाशी पुरुषभर उंचीच्या अक्षरांत गुरुजींचे स्वरचित वचन, ‘क्षमस्व भूमे’. गुरुजी जैन. खालच्या जिवांना बाजूला सरता यावे म्हणून प्रत्येक दगड उचलण्यापूर्वी त्यावर तीनदा टकटक करण्याचा त्यांनी नियम घातला. नियम कसोशीने पाळला गेला. एकाही दगडाखालून कोणी निघाले नाही, त्यामुळे काम मुदतीत पूर्ण झाले.

उद्घाटनास उपस्थिती चारशे बारा. पैकी टेकडी जळताना उपस्थित : दोन (मेंढपाळ बिराप्पा आणि त्याचा कुत्रा). बिराप्पाने चित्र बराच वेळ न्याहाळले.

“आवं गुरुजी, पाखरू लय झ्याक झालंय. पर मेंढरं चुना खात न्हाईत.”

ही प्रतिक्रिया अभिप्रायवहीत नोंदवण्यात आली.

पुढे मात्र निसर्गाने समितीला विश्वासात न घेता आपला कार्यक्रम राबवला. श्रावणात तित्तिराचे पाय गेले, भाद्रपदात चोच. ‘भूमे’ भूमीत गेले आणि ‘क्षमस्व’मधला ‘क्ष’ तेवढा दिवाळीपर्यंत तग धरून होता. पुढचा माघ आला तेव्हा टेकडीवर कमरेएवढे वाळले गवत होते आणि बिराप्पाची मेंढरे वर्षभराने पोटभर चरत होती. सचिव धैर्यशील ठराव घेऊन आला : ‘कलाकृतीची दृश्यमानता पूर्ववत करण्यासाठी मर्यादित दहन.’

“गुरुजी, फकस्त चित्रापुरतं जाळू. बाकीच्या गवताला हात लावायचा न्हाई.”

“आग काय ठराव वाचून थांबती व्हय रं?” ठरावाची कुणकुण लागून आलेला बिराप्पा म्हणाला. “औंदा बी गवत गेलं तर मेंढरं कुटं न्यायची मी? विश्रामबागंत?”

केवळ अध्यक्षांची सही बाकी होती. पाणी गाळून पिणारे, सूर्यास्तानंतर घास न घेणारे गुरुजी ठराव तत्क्षणी फाडतील, असे कोणालाही वाटेल. गुरुजींनाही तसेच वाटत होते. पण त्या गवताखाली त्यांचे एक वचन होते, आणि इतके मोठे पुन्हा कोण छापणार? त्यांनी पेनाचे टोपण काढले. तेवढ्यात समितीचा दुसरा नियम आठवला : सहीपूर्वी प्रत्यक्ष पाहणी.

बिराप्पाने वाट काढून दिली. तित्तिराच्या पंखाशी पोहोचल्यावर गुरुजींनी सवयीने एका दगडावर टकटक केली.

या वेळी निघाले. आधी मुंग्या, मग एक सरडा, आणि मग पायाजवळूनच फडफडाट करीत खरी तित्तिरी उडाली. मागे, गवताच्या खळग्यात, सात अंडी.

गुरुजींना आनंद झाला. पण तो नंतर. आधी मनात आले, गवत जरा कमी असते तर छायाचित्र उत्तम आले असते. आपल्याच मनाला त्यांनी असे रंगेहाथ पकडले आणि ते तिथेच गवतात बसले.

“काडी कोण लावतं, ते कळलं बिराप्पा,” ते म्हणाले.

“आता सही कुटं करताय? कागदावर का अंड्यावर?”

गुरुजींनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिले : ‘समक्ष पाहिले. कलाकृती दिसते, शिवाय आता ती उडतेही. दहन नामंजूर.’

त्या वर्षी टेकडी जळली नाही. दर्शकसंख्या : शून्य. धैर्यशीलला मात्र फोन येतात, सगळे सुशिक्षित, कलाप्रेमी माणसांचे : “यंदा टेकडी काळी कधी होणार? सहकुटुंब यायचंय.”

गवतातले ते सातही जीव सुखरूप पंख पसरोत. बिराप्पाच्या मेंढरांना चारा लाभो. आणि त्या रस्त्याने जाताना ‘इथे पाहण्यासारखे काहीच नाही’ म्हणून जे काच वर करतील, त्या आपणा सर्वांचाही प्रवास सुखाचा होवो.