फॉर्मातला शेवटचा रकाना

फॉर्म निकेशने स्वतःच बनवला होता, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

गावच्या वाचनालयाचा हा ग्रंथपाल गावातल्या माणसांचा विकी, म्हणजे प्रत्येकाचं एक पान असलेला ऑनलाइन कोश, तयार करत होता. कोणाच्या पानावर नाव आलं, पण स्वतःचं पान नाही, असं नाव त्यावर लाल दिसे. लाल नाव दाबलं की फॉर्म उघडे. तो भरला की पान तयार आणि नाव निळं. शेवटचा रकाना सक्तीचा होता: 'काम कोणाकडून शिकलात?' या रकान्याचा निकेशला फार अभिमान होता.

रविवारी उद्घाटनाला मोहाडीहून पाहुणे येणार होते. गुरुवारी सरपंच भय्याजींनी पडद्यावर नजर टाकली आणि बजावलं, "लाल म्हनजे नापास. पाव्हन्यायसमोर माया गावचा एकबी मानूस नापास दिसाले नोको."

त्यांचं स्वतःचं पान कधीच निळं झालं होतं. काम: भाषण करणे. शिकवणारा: 'स्वतःहून'.

"दोनच नावं लाल हायेत, भय्याजी. आत्ता भरून टाकतो," निकेश म्हणाला.

पहिलं नाव केशरबाईंचं. धानाच्या रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. शिकवणारी म्हणून त्यांनी सासूबाईंचं, पार्वताबाईंचं नाव सांगितलं. केशरबाई निळ्या झाल्या, पार्वताबाई लाल. त्यांचा फॉर्म भरला, तर त्यांना शिकवणाऱ्या आत्या आणि मावशी लाल. दुसरं नाव सायकलवाल्या ईश्वरचं. तो पंक्चर काढायला तिघांकडून शिकलेला. "एकाले सोडलं तं पाप लागन," तो म्हणाला. शुक्रवारपर्यंत दोनाची सव्वीस झाली.

घाबरून निकेशने गुपचूप तो रकानाच काढायला घेतला. नेमक्या केशरबाई मागे उभ्या होत्या.

"शिकवनाऱ्याचं नाव पुसून राहिला का, बाप्पा? मंग धान काय आपोआप लागला?"

रकाना राहिला. निकेश घरोघर फिरला. गाव लहान, त्यामुळे शनिवारी तीच ती नावं पुन्हा येऊ लागली आणि रविवारी सकाळी पडद्यावरचं प्रत्येक नाव निळं झालं. देवाचे आभार मानत तो पाहुण्यांना आणायला मोहाडीला गेला.

कार्यक्रमात पडदा उजळला. मधोमध एकच नाव लाल होतं: निकेश.

"सारं गाव पास अन् फॉर्मवालाच नापास?" भय्याजी दातओठ खात कुजबुजले.

केशरबाई उठल्या. निकेश मोहाडीला गेल्यावर त्यांनी अंगणवाडीताई पंचफुलाच्या मोबाईलवरून आपल्या पानात एक ओळ वाढवली होती: 'सही करायला निकेशने शिकवलं.' आपण शिकवल्याचं निकेश पार विसरला होता.

"तू बस. मी सांगून राहिली, पंचफुला भरन."

पंचफुला भरत गेली. शेवटचा रकाना आला. एक नवं नाव, की पुन्हा लाल!

"लिव, केशरबाईपासून," त्या म्हणाल्या. "हा पोट्टा पयल्यांदा रोवन्याले आला अन् चिखलात पडला. मी म्हनलं, घाई नोको करू, एक एक काडी लाव. मंग यानंबी मले तसंच शिकवलं. एक एक अक्षर."

केशरबाईंचं पान होतंच. निकेशचं नाव निळं झालं आणि नवं लाल काही उमटलं नाही. टाळ्या वाजत होत्या, पण निकेशला पडदा नीट दिसेना. त्याने वाकून केशरबाईंच्या पायांना हात लावला.

तेवढ्यात भय्याजींनी त्याची बाही ओढली. "माया पानावरचं ते 'स्वतःहून' खोड. भाषन कराले मले तुया काकूनं शिकवलं, रोज आरशासमोर उभं करून. कौशल्याबाई लिव."

"पन काकूचं पान नाही, भय्याजी. नाव लाल होईन."

"होऊ दे," भय्याजी म्हणाले.