ऐकून घेण्याचं प्रमाणपत्र

साताऱ्याच्या मंगल कार्यालयात लीलाबाई सकाळी लवकर येऊन बसल्या, तेव्हा तिथं फक्त फलक आला होता. 'मुलांचा आवाज : स्वयंसेवकांची विभागीय परिषद'. फलकावर मुलाचा चेहरा बोटाएवढा होता आणि प्रमुख पाहुणे मानसिंगराव यांचा परातीएवढा.

मानसिंगरावांच्या सोयीनं परिषदेची तारीख दोनदा बदलली होती आणि तिसऱ्यांदा ती नेमकी शिवांजलीच्या दिवसावर येऊन बसली होती. शिवांजली नऊ वर्षांची, शिराळ्याकडची. घरात तिच्यावर जे गुदरलं होतं ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मोठमोठी माणसं समोर खुर्ची ओढून बसली, गोड बोलली, पोर भिंतीकडं बघत राहिली. मग एक दिवस लीलाबाईंनी तिला पाठमोरी बसवून वेणी घालायला घेतली. सगळा जन्म मराठी शाळेत गेलेल्या बाईला एवढं ठाऊक होतं, की ज्याला काही सांगायचं असतं त्याला आपलं तोंड नको असतं, हात हवे असतात. वेणी शेपटापर्यंत यायच्या आत शिवांजली बोलली होती. आज चार वाजता सांगलीला तेच तिला बालकल्याण समितीच्या मॅडमपुढं सांगायचं होतं. तिची अट एकच, आजी मागं बसून वेणी घालत असल्या पाहिजेत.

"मग मला बाराला सोडा," लीलाबाई आयोजक चारुलताताईंना म्हणाल्या. "एकची एसटी मिळायला हवी."

चारुलताताई वाईच्या. साडी, चष्म्याची दोरी आणि हसू एकाच रंगाचं. "लीलाताई, बाराला सगळं आटोपतंच. पण मधेच उठू नका हं. पूर्ण वेळ बसणाऱ्यांनाच प्रमाणपत्र आहे. आणि पुढच्या महिन्यापासून प्रमाणपत्राशिवाय कुणालाच मुलांजवळ बसता येणार नाही. नियम."

म्हणजे उठलं तर पुढच्या पोरी गेल्या आणि बसलं तर आजची. लीलाबाई बसल्या. पूर्वी ही मंडळी त्यांच्याच घराच्या सोप्यात सतरंजीवर जमायची. शेंगदाणे-गुळाची ताटली फिरायची आणि कोणत्या पोराला काय हवंय एवढंच बोलणं व्हायचं. तेव्हा कामाला नाव नव्हतं, त्यामुळं काम होत असे.

बारा वाजले तेव्हा मानसिंगराव यायचे होते. साडेबाराला ते आले. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेला, कडेगावचा उसाचा बागायतदार, मिशा अजून परेडला उभ्या. खुर्चीत बसताच त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. इतक्या सभा पाहिलेला माणूस, त्याला कशाची गरज कुठं असते हे कळत होतं. मग समई पेटली, वाऱ्यानं विझली, पुन्हा पेटली. शाली झाल्या, नारळ झाले. स्वागताचं भाषण करणाऱ्यांचं स्वागत झालं. एकची एसटी गेली असणार हे लीलाबाईंना घड्याळ न बघताही कळलं.

"आता प्रात्यक्षिक," पुण्याहून आलेला प्रशिक्षक निमिष म्हणाला. "विषय, मुलाचं ऐकून घेणं. मुलाच्या भूमिकेसाठी कुणीतरी बुटकं हवंय."

सगळ्यांनी लीलाबाईंकडं पाहिलं. त्यांच्या अंबाड्याला लाल रिबीन बांधली गेली, हातात कापडी बाहुली आली आणि त्या व्यासपीठावर पाटावर बसवल्या गेल्या. एकेका स्वयंसेवकानं येऊन त्यांना बोलतं करायचं होतं. लीलाबाईंच्या मनात आलं, एवढी माणसं ऐकायलाच बसलीत तर सांगून टाकावं.

"मला सांगलीला जायचंय," त्या म्हणाल्या. "चार वाजता."

"अरे वा," पहिल्या बाई म्हणाल्या. "सांगलीला कोण असतं आपलं? आजोळ का?"

"एक मुलगी माझी वाट बघतेय."

"मैत्रीण! छान. चॉकलेट घेणार?"

"चॉकलेट नको. गाडी हवीय."

"खेळण्यातली?"

सभागृह हसलं. निमिषनं फळ्यावर लिहिलं, 'मूल विषय टाळते'. दुसरे गृहस्थ आले, त्यांनी बाळानं मोठ्यांचं ऐकावं यावर चार शब्द सांगितले. तिसऱ्या आल्या त्या लीलाबाईंच्या गालाला हात लावून आपल्याच लहानपणाची गोष्ट सांगून, डोळे पुसत उतरल्या.

"आवं, मी खरंच सांगतेय," लीलाबाईंचा आवाज फुटला. "मला नाटक करायचं नाहीये. मला उशीर होतोय. कुणी ऐकतंय का माझं?"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की समई पुन्हा विझली.

"हेच," निमिष भारावून म्हणाला. "लक्षात घ्या, प्रत्येक मूल अगदी असंच बोलतं."

"तुम्ही नाटकात कशा नाही गेलात हो?" चारुलताताईंनी विचारलं.

लीलाबाई बाहुली पाटावर ठेवून पाणी प्यायला मागच्या दाराशी गेल्या. मानसिंगराव तिथं हात धुवायच्या निमित्तानं उभे होते. टाळ्यांनी त्यांची झोप मोडली होती. खिशातलं यंत्र काढून त्यांनी कानात बसवलं.

"बाई, तुमी मगाशी काय म्हणत हुता? समदी टाळ्या पिटत हुती, मला कायबी ऐकू आलं न्हाई. परत सांगा की."

लीलाबाईंनी सांगितलं. दोन वाक्यांत झालं.

"मग हितं काय करताय?"

"ऐकून घ्यायला शिकतेय."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "माझी गाडी मागंच हाय. कडेगावला जायचंच हाय, वाईच वाकडी वाट करू. चला, भाषणाला बोलवायच्या आत."

"आणि प्रमाणपत्र? पूर्ण वेळ बसणाऱ्यांनाच आहे."

"मी तरी कुठं बसलोय?"

कराडच्या पुढं आल्यावर गाडीत उलगडा झाला. शालीच्या घडीत मानसिंगरावांच्या हाती सहीसाठी दिलेला प्रमाणपत्रांचा अख्खा गठ्ठाच होता. गुडघ्यावर ठेवून त्यांनी एकावर सही ठोकली आणि ते लीलाबाईंना दिलं. तेवढ्यात चारुलताताईंचा निरोप आला : 'लीलाताई, आपण निघून गेल्यामुळे गटचर्चेला "पळून गेलेले मूल" हा विषय घेतला आहे. प्रमुख पाहुणे व प्रमाणपत्रे कुणाला दिसली का?' बाकीचे पूर्ण वेळ बसले होते.

सुभेदारांना गाडीतल्या एसीचा गारठा सोसत नसे, म्हणून काचा उघड्या होत्या. सांगलीला पोचेपर्यंत अंबाडा सुटून लीलाबाईंचे केस चहूकडं गेले, रिबीन तेवढी कानाशी लोंबत राहिली. चार वाजून गेले होते. समितीच्या बंद दाराबाहेरच्या बाकावर शिवांजली कंगवा मुठीत धरून बसली होती.

"उशीर केलासा, आजी."

"मला सोडत नव्हते गं."

"तुमी सांगितलं न्हाई व्हय त्यास्नी?"

"सांगितलं. परत परत सांगितलं."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या."

खरंच का, असं शिवांजलीनं विचारलं नाही. ती बाकावर मागं सरकली, पुढं जागा केली आणि म्हणाली, "बसा हितं. तकडं तोंड करा."

कंगवा पांढऱ्या केसांतून हलक्या हातानं फिरू लागला. भिंतीकडं बघत लीलाबाई सांगू लागल्या. फलक, समई, चॉकलेट, बाहुली. सांगता सांगता कुठंतरी त्यांचा आवाज ओला झाला, तेव्हा कंगवा थांबला आणि पुन्हा चालू लागला.

दार उघडून समितीच्या मॅडम बाहेर आल्या. "शिवांजली, येतेस ना बाळा? सुरू करू या?"

शिवांजलीनं शेवटचा पेड घट्ट धरला.

"वाईच थांबा," ती म्हणाली. "आजींचं सांगून व्हायचंय अजून."