मापांच्या वहीने गड राखिला, ती हकीकत

सकल बालगोपाळांस विदित व्हावे. तुम्ही आज्ञा केलीत की, शिंपीकाकांचा बँकेतला खजिना गनिमाहाती जाता जाता कैसा वाचला, ते साद्यंत लिहावे. ऐशियास, काकांची फुशारकी वजा करून लिहिले आहे, सबब हकीकत थोडकीच उरली.

कात्रीबहादर शिंपीकाका तख्तावर, म्हणजे एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर, विराजमान होते. काजे करण्याचे नवे मशीन घ्यावे म्हणून तीन वर्षांची शिल्लक खात्यात जमा होती. काकांचा शिरस्ता ऐसा की, आकडा दिसला की मोठ्याने पुकारावा. आणि काकूंचा ऐसा की, गिऱ्हाइकाचे नाव कळल्याविना आकडा वहीत मांडू नये. वीस वर्षे हीच दौलतीची घडी.

त्या दुपारी गनिमाने फोनावाटे स्वारी केली, आणि बँकेच्या अंमलदाराचे सोंग घेऊन फर्माविले की, खाते सायंकाळी बंद पडेल, सबब मोबाईलवर आलेला सहा आकडी ओटीपी तात्काळ सांगावा. काकांची पाचावर धारण बसली. मग चष्मा शोधिला, तो कपाळीच सापडला, आणि मग संदेश उघडिला. त्यात 'हा आकडा कोणासही सांगू नये' ऐसे स्वच्छ लिहिले होते. परंतु काका अक्षरे वाचीत नाहीत, आकडेच वाचितात.

"सात! चार! नऊ!" काकांनी नौबत झडविली.

कापडाच्या ढिगामागून काकूंनी पेन्सिल उचलिली. "अहो, कोणाचं माप?"

"माप नाही गं, बँकेचे साहेब आहेत."

"मग साहेबांना नाव असेल की! विचारा."

काकांनी विचारिले. गनीम वदला, "मॅनेजर."

"हे काय नाव झालं? नाव नाही तर माप नाही. आणा तो फोन इकडे!"

गनीम आधी धमकावू लागला, आणि मग गोडीगुलाबीने काकूंस "आजी" म्हणाला. तेथेच त्याचे सैन्य बुडाले.

"आजी कोणाला रे? गळ्याचं माप सांग तुझ्या, कॉलर धरायचीय!"

गनीम फोन टाकून पळाला. मग काकूंनी पासबुकावर छापिलेल्या नंबरावर बँकेस विचारिले, तो उत्तर आले की, आम्ही कोणास ओटीपी कधीच विचारीत नाही. तीन बुरूज पडले, तीन राहिले. खजिन्यातला रुपया हालला नाही.

पुढे मशीन आले. काकांनी मोबाईलवरूनच पैसे चुकते केले, आणि गुप्त आकडा दाबतेसमयी दोन टाचण्या ओठांत घट्ट धरिल्या. दुकानदाराने विचारिले, "काका बोलत का नाहीत?"

काकू म्हणाल्या, "पैसे देताहेत."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. त्या दिवसाची नोंद मापांच्या वहीत काकूंच्या हातची आहे, ती ऐसी: सात, चार, नऊ. नाव नाही. माप अपुरे. गिऱ्हाईक परत पाठविले.