अकरा सेकंदांची बाई

मसोलीतले आमचे शेजारी दामूकाका. त्यांच्याकडे चिकू मागितला, तर ते झाडाकडे बोट दाखवत नाहीत. "रांग आठ, झाड चार, उंची नऊ फूट," एवढं सांगून पुन्हा पेपरात डोकं घालतात. हवा असेल त्यानं मोजत जावं.

तरुणपणी ते मुंबईत एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये होते. मशीन खोलीएवढं, आणि त्याला हुकूम द्यायचे ते पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून. इतरांनी त्यावर पगारपत्रकं काढली. काकांनी फुल्याफुल्यांची एक बाई काढली. छापून आलेल्या एकेका कागदाचा फोटो घेऊन तिला अकरा सेकंद चालवलीसुद्धा. "चित्र काढायचं नसतं रे, सांगायचं असतं," हे त्यांचं पालुपद.

नोटाबंदीच्या आदल्या वर्षी डहाणू रोडच्या एका मंडळानं 'संगणक-चित्रपटाचे आद्य जनक' म्हणून त्यांचा सत्कार केला. शाल घातल्यावर प्रमुख पाहुण्यांनी स्वतःचा मोबाइल त्यांच्या हातात दिला. "जरा बघा ना, सारखा हँग होतोय." जनकांनी बघितला. तेव्हापासून तो हँग होत नाही. सुरूच होत नाही.

सिनेमा दाखवा, असं मात्र कोणी म्हणालं नाही. दाखवणार तरी काय? सेंटर बंद पडलं तेव्हा रीळही गेलं. ट्रंकेत उरली ती फक्त कार्डं. इंदूकाकूंनी तर तो कधीच पाहिला नव्हता. "अकरा सेकंदांसाठी मुंबईला कोण जाणार?" असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. सत्काराहून परतताना काकांनी ठरवलं, हिला तो दाखवायचाच.

कार्डांची भोकं उजेडाला धरून ते आकडे वाचत, मी लॅपटॉपवर टाइप करी. शेवटच्या तीन सेकंदांची कार्डं वाळवीनं खाल्ली होती.

"चला, एका जिवाला तरी तुमची कला गोड लागली," काकू म्हणाल्या.

काका डगमगले नाहीत. उरलेल्या मापांसाठी त्यांनी काकूंनाच अंगणात चालायला लावलं आणि टेप धरला. "कोपर एकोणतीस. हलू नकोस!"

"चालू की हलू नको? एक काय ते सांगा!"

अखेर सिनेमा लागला. फुल्यांची बाई कमरेवर घागर घेऊन झपझप निघाली. आठ सेकंद. मग एकाएकी वाकली, घागर सावरली आणि एक गुडघा जपत उंबऱ्यापर्यंत आली.

काकू पाहत राहिल्या. "ही मीच ना? तेव्हासुद्धा?"

"तिथं खोलीवर बसून तुला पत्रात काय लिहावं, सुचायचं नाही," काका लॅपटॉपकडे बघत म्हणाले. मग घाईघाईनं, "शेवट चुकलाय. मापं आजची पडली. नीट करतो."

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "घरी पोचली ना ती."